गवळ्याच्या घरात पाण्यानं घ्यायची गोळी

आवाज गेला तो एकदम नाही गेला. आधी त्याचं वरचं टोक गेलं.

टिळेवाली या आमच्या म्हशीला मी हाक घालायचे ती अशी: "ये वं माय, ये वं." यातला शेवटचा 'वं' वर चढवायचा, तिथं थोडा धरायचा आणि सोडून द्यायचा. माझी आई गावाकडं गुरांना घालते तीच ही हाक. वैशाखातल्या एका पहाटे मी गोठ्यात गेले, बादली खाली ठेवली, टिळेवालीच्या पाठीवर हात टेकवला आणि हाक घातली, तर शेवटच्या 'वं'ला नुसती हवा आली. खाकरले, पुन्हा घातली. पुन्हा हवा. टिळेवालीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि परत वैरणीत तोंड घातलं.

तिचं ते बघणं मला दिवसभर पुरलं. शेण काढताना, भांडी घासताना, मी मधेमधे हळूच 'वं' म्हणून बघत होते. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं या बाईचं काही खरं नाही.

मला एवढी धास्ती का बसली ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

मी हिंगोलीकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडं, दुसऱ्या गावात. माझ्याबरोबरच्या दोघी गेल्या नाहीत म्हणून मीही गेले नाही, एवढीच ती गोष्ट. लग्नानंतर नवरा इकडं शिरोलीला फौंड्रीत लागला आणि त्याच्या मागं मी कोल्हापूरला आले. गावाहून इथं यायला रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. इथली माणसं बोलायला लागली की आधी वाटायचं भांडण सुरू आहे. पहिला महिनाभर मी दाराआड उभी राहून ऐकायचे आणि मग कळायचं की चहा घेणार का एवढंच विचारत होते.

आम्हाला खोली मिळाली ती एका गवळ्याच्या गोठ्यामागं. मालकिणीला सगळी गल्ली आक्का म्हणते, मग मीही आक्काच म्हणायला लागले, आणि तिच्या नवऱ्याला दाजी. आक्कानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाडंबिडं नगं. दोन्ही टायमाला गोठ्यात हात लाव. गुरं ठावं हायती न्हवं?" ठाऊक होती. पण फुकट मिळालेल्या जागेत माणसाची पाठ कधी पूर्ण टेकत नाही. उद्या यांना दुसरं कुणी मिळालं तर, असं सारखं वाटायचं.

मग संक्रांतीच्या सुमारास दाजींनी टिळेवाली आणली. लांब शिंगांची, कपाळावर पांढरा ठिपका, कास भरलेली. आठव्या दिवशी तिचं रेडकू मेलं आणि तिनं दूध वर ओढून धरलं. आक्का बसली की लाथ, दाजी बसले की लाथ. आक्का म्हणाली, "पान्हा चोरतीया. हिच्या मनात काय हाय काय म्हाईत." तिसऱ्या दिवशी मी तिच्या मागनं शेण ओढत होते आणि सवयीनं, कुणाला म्हणून नाही, आईची ती हाक तोंडातून निघाली. टिळेवालीचे दोन्ही कान उभे राहिले. सडांतून दुधाचे थेंब टपटप खाली पडायला लागले.

आक्का दारातच थांबली. "परत म्हण की," ती म्हणाली.

मी परत म्हटलं. मग बादली घेऊन बसले आणि टिळेवाली शेवटच्या धारेपर्यंत हलली नाही.

त्या दिवसापासून ती म्हैस माझी झाली, आणि मीही त्या घरची झाले. आता मला कुणी जा म्हणणार नव्हतं, कारण मी गेले तर ती दूध देणार नव्हती. माझा सगळा भरवसा त्या एका 'वं'वर उभा होता.

आता कळेल त्या दिवशी मी सारखी 'वं' म्हणून का बघत होते ते.

संध्याकाळी आम्ही म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जातो. शहरातल्या रस्त्यांनी, रिक्षा आणि मोटरसायकलींच्या मधून. तिथं गिऱ्हाईक भांडी घेऊन उभी असतात, त्यांच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट मापायचं. काहीजण तिथंच पेला तोंडाला लावतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची म्हणजे म्हैस तिथं, त्या हॉर्नच्या आवाजात, पान्हवली पाहिजे. टिळेवाली माझ्या हाकेनं पान्हवायची. लोकांना त्याचं कौतुक होतं. एक रिटायर कंडक्टर रोज पितळी तांब्या घेऊन यायचे आणि मी हाक घातली की बाजूच्याला सांगायचे, "बघा आता, पावणं. ही घंटी वाजली, गाडी सुटणार."

आवाजाचं टोक गेलं त्या आठवड्यात एका संध्याकाळी गाडी सुटली नाही. मी चारदा हाक घातली. प्रत्येक वेळी ती मधेच फाटली. शेवटची तर घोगरी, जाड, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी आली. टिळेवालीनं एक पाय उचलला.

कंडक्टर म्हणाले, "काय बाई, भांडलासा व्हय दोघी? तोंड फिरवलंय की तिनं."

लोक हसले. मीही हसले. आक्कानं दुसऱ्या म्हशीचं दूध काढून त्यांचा तांब्या भरला आणि परत येताना रस्त्यात म्हणाली, "आमच्यात बायका बी बापयागत आलो-गेलो म्हणत्यात त्याला तू हसत हुतीस न्हवं? आता आवाज बी बापईगत झाला. आता तू पक्की कोल्हापूरची." तिनं हे मला हसवायला म्हटलं होतं. मी टिळेवालीला हाकत पुढं चालत राहिले.

मग उपाय सुरू झाले. हळद, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या. दाजी म्हणाले कोंबडी कापा, पांढरा रस्सा कढत कढत पाजा, घसा मोकळा होतो. रस्सा पाजला. शेजारणीनं गळ्याभोवती सुती पट्टी बांधायला सांगितली. रोज पहाटे उठून मी आधी गोठ्यामागच्या भिंतीपाशी जायचे आणि हळूच आवाज घालून बघायचे. काही दिवशी पहिल्या दोन हाका बऱ्या यायच्या. तेवढ्यानं जीव वर यायचा. तिसरीला पुन्हा जाडपणा. दुपारी तर बोलायचाच कंटाळा. चार वाक्यं बोलले की जड काही उचलल्यासारखी दमायचे.

आईचा फोन दर रविवारी असतो. त्या रविवारी मी उचलला आणि म्हणाले, "माय, बोल." मग आई म्हणाली, "कोण बोलायलंय? माझ्या लेकीचा फोन हाय हा."

"माय, मीच हाव."

"तू? रडायलीस का माय? काय केलं त्यानं?"

"कोणी काही केलं नाही. घसा बसलाय."

"खरं सांग."

मी खरं सांगत होते आणि ते खोटं वाटत होतं, तिलाही आणि मलाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ उभीच होते. बसलं की वाटायचं काहीतरी करायचं राहिलंय. उठलं की काय करायचं ते कळायचं नाही.

आक्काच्या लक्षात आलं ते आवाजावरून नाही, स्वेटरवरून. दाजी उघड्या अंगानं गोठ्यात फिरत होते, म्हशी पाण्यासाठी ओरडत होत्या, आणि मी स्वेटर घालून वैरण टाकत होते. आक्कानं मला थांबवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "डोळं बघ कसं सुजल्यात. आणि केस? परवा चरवीत तुझा केस घावला मला, मी बोललो न्हाय. किती दिस झालं हे?"

"काही नाही, आक्का. झोप होत नाही."

"झोप? तू दुपारी बसल्या जागी घोरतीस बाई. चल."

कुठं म्हणायच्या आत तिनं चप्पल घातली होती.

घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या नाकातून बारीक नळी घालून आत बघितलं आणि पडद्यावर मलाही दाखवलं. आत दोन पांढरट पट्ट्या होत्या. त्या बोलताना एकमेकींना टेकतात आणि त्यातून आवाज निघतो, असं बाई म्हणाल्या. "तुमच्या पट्ट्यांना सूज आहे. जाड झाल्यात, म्हणून आवाज जाड आणि वरचा सूर लागत नाही. पण दुखणं इथलं वाटत नाही." त्यांनी गळ्यावरून बोटं फिरवली, थंडी वाजते का विचारलं, पाळी विचारली, पोट साफ होतं का विचारलं. प्रत्येक उत्तर आक्कानं माझ्या आधी दिलं. मग रक्त तपासायला सांगितलं.

दोन दिवसांनी कळलं की थायरॉईड कमी पडतंय. गळ्यात एक ग्रंथी असते, ती अंगाला पुरेसं चालवत नाहीये, म्हणून सगळंच मंद झालंय, आणि सूज त्यातलीच. रोज एक बारीक गोळी. बाई म्हणाल्या, "सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी. आवाज हळूहळू सुधारेल. काही महिने लागतील. घाई करू नका आणि ओरडू नका."

"म्हशीला हाक घातली तर चालते का?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "हळू घाला."

परत येताना मला इतकं हलकं वाटलं की मी रिक्षात आक्काचा हात धरला. आजाराला नाव होतं आणि त्याला गोळी होती. आक्कानं हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोळी तळहातावर घेऊन माठाकडं चालले होते. आक्कानं हाक मारली. तिच्या हातात पेला होता, टिळेवालीचं मी नुकतंच काढलेलं दूध, वर फेस.

"पाण्यानं कुठं गोळी घेतीस? चिकटून बसंल नरड्यात. ह्ये घे."

"बाई म्हणाल्या उपाशीपोटी."

"मग? दूध म्हंजे काय खाणं हाय व्हय? दूध म्हंजे उपाशीपोटीच की."

मला ते पटलं. तिथं राहणाऱ्या कुणालाही पटलं असतं. त्या घरात दूध हे खाण्यात मोजत नाहीत. एकादशीला, तापात, बाळंतिणीला, मयताच्या घरी, सगळीकडं आधी दूध. आक्काच्या माहेरी, मुरगूडकडं, पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, सरळ दूध देतात, असं ती अभिमानानं सांगते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो पेला. खोली दिली, दवाखान्यात नेलं, आणि आता रोज पहाटे पहिल्या धारेचा पेला. मी गोळी तोंडात टाकली आणि घटाघट प्यायले.

असं रोज झालं. आक्कानं एक दिवस चुकवलं नाही.

जेठ गेला, आषाढ गेला. आवाज होता तिथंच. पुन्हा रक्त दिलं, डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घालून गोळी वाढवली. श्रावणातही तेच. माझं तोंड सुजलेलं, अंग जड, आणि टिळेवालीचं दूध दर आठवड्याला थोडं कमी. ती अजून मलाच जवळ येऊ द्यायची, पण अर्धं देऊन अर्धं ठेवायची. मी तिच्या कासेला कोमट पाणी लावायचे, पाठ चोळायचे, आणि ती जाड, तुटकी हाक घालत बसायचे. ती कान हलवायची. पण कान उभे राहायचे नाहीत.

एका सकाळी दाजी चहा पिताना म्हणाले, "दसऱ्यापतोर बघू. न्हाईतर बाजारात न्यावी लागंल तिला. तिची कास वाळत चालली, तिला बी तरास." माझ्याकडं न बघता म्हणाले. वाईट माणूस नाही तो. पण मला ऐकू आलं ते असं की दसऱ्यापर्यंत मला बघणार.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हैस विकतील, तुला कशाला विकतील?" आणि कामाला गेला. त्याला कधीच एवढी काळजी लागत नाही. मला त्याचा हेवाही वाटतो आणि रागही येतो.

पुढच्या खेपेला मी दवाखान्यात एकटी गेले. आक्काला चाऱ्याच्या गाडीसाठी थांबावं लागलं होतं. बाईंनी कागद बघितले, मला बघितलं, परत कागद बघितले.

"गोळी रोज घेताय ना?"

"एक दिवस चुकली नाही, बाई."

"किती वाजता?"

"पहाटे. पहिली धार निघाली की लगेच."

बाईंचं पेन थांबलं. "धार?"

"दुधाची. घरचंच आहे. गोळी त्याच्यासोबतच घेते, एकदम ताजं."

बाई खुर्चीत मागं टेकल्या आणि हसू दाबत असल्यासारखं तोंड केलं, पण मला रडू येतंय हे दिसल्यावर सरळ बसल्या. "तुमची चूक नाही. मीच नीट विचारायला हवं होतं. ही गोळी दुधासोबत घेतली की पोटात ती अंगाला लागतच नाही. दुधातला चुना तिला धरून ठेवतो. नुसत्या पाण्यानं घ्यायची. नंतर तास-अर्धा तास काही नाही. आणि दूध तीन-चार तासांनी."

मी बाहेर आले आणि स्टँडपर्यंत चालत गेले, मग लक्षात आलं की रिक्षा करायची होती. मला आनंद व्हायला हवा होता. चूक सापडली होती. पण माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, की आता आक्काला सांगायचं कसं. तुमच्या दुधानं माझी गोळी वाया गेली, हे गवळ्याच्या घरात, ज्या बाईनं मला दारात घेतलं तिला, कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि तेही असल्या आवाजात.

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर उठून पाण्यानं गोळी घेतली. मग आक्कानं पेला दिला तेव्हा तो घेतला, गोळी टाकल्यासारखं केलं, आणि पेला घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. दूध पेंडीच्या घमेल्यात ओतलं आणि वरून पेंड कालवली. टिळेवालीचंच दूध मी टिळेवालीला चारत होते.

सात-आठ दिवस हे चाललं. मला दर पहाटे वाटायचं आज सांगू. पेला हातात आला की वाटायचं, उद्या.

एका सकाळी आक्का घमेल्यापाशी उभी होती. तिनं पेंडीत बोट घालून बघितलं, वास घेतला आणि मला बोलावलं.

"हे काय गं?"

मी घमेलं उचलायला वाकले.

"दूध हाय ह्यात. कुणी ओतलं?"

"मी."

"का?"

त्या घोगऱ्या, तुटक्या आवाजात बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. आक्का ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

"माझं दूध नडलं तुला?"

"दूध नाही, आक्का. गोळी आणि दूध एकदम..."

"तीन महिने मी तुला पाजतोय. माझ्या हातानं. आन् त्यानं तुझा आवाज आला न्हाय?"

"तुमच्यामुळं नाही."

"मग कुणामुळं? दुधामुळंच न्हवं? कुणाचं हाय दूध?" ती घमेल्यातली पेंड बघत राहिली. "आन् सांगितलं का न्हाईस? ओतत बसलीस. गिऱ्हाईक रांगंत उभं ऱ्हातंय या दुधासाठी."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट?" आक्कानं पदर खोचला. "वाईट मला आता वाटाय लागलंय."

ती आत गेली. मी तिथंच उभी होते. मनात मी खोलीतलं सामान बांधायलाही लागले होते, कोणती पेटी आधी, कोणती गाडी, आईला काय सांगायचं. गावी जाऊन या आवाजात मी कुणाकुणाला उत्तरं देणार होते.

थोड्या वेळानं आक्का बाहेर आली ती चप्पल घालूनच. "चल," म्हणाली.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत ती पदर खोचूनच बसली. आत गेल्यावर उभ्यानंच विचारलं, "बाई, आमच्या दुधात काय खोट हाय ते मला सांगा."

डॉक्टरीणबाईंनी तिला आधी बसवलं. मग म्हणाल्या, "दुधात काही खोट नाही, मावशी. दूध चांगलं आहे म्हणूनच अडतंय. पाणी घातलेलं असतं तर कदाचित कमी अडलं असतं."

आक्काच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते बघून मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं झालं. "म्हंजे दाट हाय म्हणून," ती म्हणाली.

"तसंच समजा. गोळी आणि दूध, दोघांच्या वेळा वेगळ्या करा. बाकी काही नाही."

"करतो की. घड्याळ हाय आमच्यात."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "त्या डाक्टर पोरीला आधी सांगता आलं असतं. आन् तुला बी." मग थोडं पुढं जाऊन, "आन् मला बी विचारता आलं असतं." एवढंच. माफी आमच्यात कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आक्कानं गोळीचा ताबा घेतला. पहाटे उठल्याबरोबर तिचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, "घेतलीस का? पाण्यानं?" मी आतून उत्तर द्यायचे. दहा वाजता ती पेला आणून ठेवायची, घड्याळाकडं बघून, एक मिनिट आधी नाही. कट्ट्यावर तर तिनं जाहीरच करून टाकलं. दूध मापता मापता म्हणायची, "थायरॉईडची गोळी कुणाला हाय? हाय का कुणाला? दुधानं घेऊ नगा. आमचं दूध लई दाट हाय, गोळी हारतीया." पहिल्याच संध्याकाळी रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं, आणि एकीनं हळूच विचारलं, "चहानं घेतली तर?" कंडक्टर म्हणाले, "आता हितं दवाखाना बी काढा, आक्का. मी तिकीट फाडतो."

भादव्यात माझी थंडी गेली. स्वेटर पेटीत ठेवला. तोंडावरची सूज उतरली आणि दुपारची झोपही. आवाज मात्र सगळ्यात मागं राहिला. सकाळी जरा मोकळा, संध्याकाळी परत जाड. वरचा 'वं' कधी लागायचा, कधी फाटायचा. रविवारी आई म्हणायची, "आज बरा यायलाय." पुढच्या रविवारी म्हणायची, "आज परत तसाच." मी तिच्या बोलण्यावरून पुढचा आठवडा कसा जाणार ते ठरवायचे. दसरा जवळ येत होता आणि दाजी त्याबद्दल काही बोलत नव्हते, हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हशी धुवायला काढल्या. शिंगांना तेल लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी गोठ्यात आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. नेहमी त्या वेळेला ते येत नाहीत. आक्का दारात होती.

मी टिळेवालीजवळ बसले. घसा खाकरायचा नाही, असं बाईंनी सांगितलं होतं, त्यानं पट्ट्यांना मार बसतो. थुंकी गिळली. पाठीवर हात ठेवला आणि हाक घातली. "ये वं माय." अजून वरच्या टोकापर्यंत पोचले नव्हते. आवाज पूर्वीसारखा बारीक नव्हता, खाली, भरदार, थोडी खरखर असलेला होता. आणि तिथंच, मी वर चढायच्या आधीच, टिळेवालीचे दोन्ही कान उभे राहिले.

मी थांबले. बादलीत पहिली धार पडली तेव्हा तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मी वरचा 'वं' म्हटलाच नाही. भीतीच वाटली.

दाजी बादली भरेपर्यंत थांबले. मग खांबावरचा हात काढत म्हणाले, "बरं झालं. त्या बाजारात आज कोण जाणार, गर्दी असतीया." आणि गेले.

आता या गोष्टीला काही महिने झाले. माझा आवाज परत आला की टिळेवालीनं माझा जाड आवाजच आपला मानला, हे मला अजून सांगता येत नाही. पाच महिने मी तिच्याजवळ बसून त्याच आवाजात हाका घालत होते. तेव्हा वाटायचं वाया चाललंय. डॉक्टरीणबाई म्हणतात गोळीनं झालं. आक्का म्हणते गोळी आणि दूध वेगळं केल्यानं झालं, आणि ते म्हणताना 'वेगळं' या शब्दावर जोर देते. दोघींचंही खरं असेल. अजूनही काही सकाळी उठल्याबरोबर मी भिंतीपाशी जाऊन हळूच आवाज घालून बघते. वरचा सूर कधी लागतो, कधी नाही. लागला नाही की दिवसभर जिवाला चैन नसते. गोळी जन्मभर आहे, असं बाईंनी सांगितलंय. आक्का म्हणाली, "मग काय झालं? दूध बी जन्मभर हाय."

आज पहाटे पण भिंतीपलीकडून विचारणा झाली, "घेतलीस का?"

आक्काला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागतं. "व्हय, घेतली," मी ओरडले, पाण्याचा तांब्या हातात धरून.

गोठ्यात टिळेवाली उठून उभी राहिल्याचा आवाज आला.